खालच्या गावाचं पान

आमचे पेंटरमामा पांढऱ्या रंगात काळ्याचा एक थेंब टाकल्याशिवाय ब्रश उचलत नसत. अंबडच्या बसस्टँडजवळ त्यांचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. पाटी मळकट दिसते म्हणून गिऱ्हाईक कुरकुरायचं. मामा म्हणायचे, "निव्वळ पांढरं टिकत न्हाई. जल्दी पिवळं पडतं." त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसे. मी मात्र घालायचो आणि डोकं धरून घरी यायचो.

मी तेव्हा शाळेत हिंदीचा नवा मास्तर होतो. पोरांच्या दप्तरांतून जप्त केलेली कॉमिक्स मीच वाचून काढायचो. कायदा न मानणारे, सूड उगवणारे, चांगले की वाईट याचा पत्ता लागू न देणारे नायक. आपणही असं एक पुस्तक काढावं असं मनात आलं. चित्रं मामांची, हिंदी संवाद माझे. मामा धनगराच्या घरातले. त्यांनी नायकाला मुखवट्याऐवजी घोंगडीची खोळ दिली. नाव ठेवलं घोंगड्या.

पहिली करामत मी लिहिली. दुष्काळात घोंगड्या टँकर अडवतो, ड्रायव्हरचा हात पिरगाळतो आणि तहानलेल्या वरच्या गावात पाणी वाटतो.

"टँकर कुठं चालला व्हता?" मामांनी विचारलं.

"खालच्या गावाला."

"मंग खालच्या गावाचं काय?"

तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. मी टँकर गुंडांचा करून पाहिला, ड्रायव्हर लबाड करून पाहिला. मामा ऐकेनात. शेवटचं पान त्यांनी स्वतःच्या मनानं काढलं: रिकामा हंडा घेऊन वेशीत रस्त्याकडे बघत बसलेली म्हातारी. संवादाला जागाच ठेवली नव्हती. घोंगड्या नेमका कसा माणूस, असं विचारलं की म्हणायचे, "वरच्या गावाला इचारा. मंग खालच्या गावाला बी इचारा."

पानांच्या झेरॉक्स मी दिल्लीच्या एका प्रकाशकाला पाठवल्या होत्या, त्याचं पत्र आलं. छापतो, पण शेवटचं पान काढा. मी विनवण्या केल्या, चिडलो, महिनाभर अबोला धरला. मामा म्हणाले, "पान न्हाई तर पुस्तक न्हाई." मला माझं नाव छापून आलेलं बघायचं होतं, बाकी काही नाही. मूळ चित्रांची फाईल माझ्याकडे होती. ते पान मी काढून ठेवलं आणि बाकीची पानं पार्सलनं पाठवून दिली.

पुस्तक आलं. मामांनी उभ्यानंच चाळलं. शेवटी थांबले.

"पान कुठंय?"

"प्रकाशकानं काढलं. हरवलं म्हणतात."

त्यांनी पुस्तक मिटून ठेवलं. मग म्हणाले, "ती माय माझी व्हती, मास्तर. आमी खालच्या गावचे." आणि अर्धवट राहिलेली नंबरप्लेट रंगवायला बसले.

खरं सांगून टाकायला मला पुढची दहा वर्षं मिळाली. रोज त्यांच्यासोबत चहा प्यायलो. त्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही, याचाच मला संताप यायचा. एकदा तरी त्यांनी मला शिवी द्यायला हवी होती. मग फ्लेक्स आले, पाट्या बंद झाल्या आणि मामा गावी निघाले.

स्टँडवर गेलो तेव्हा पान माझ्या पिशवीत होतं. मामांनी आधी त्यांचीच पिशवी उघडली आणि माझ्या नावाची पाटी हातात ठेवली. "बराबर टिकंल," म्हणाले. गाडी लागली, ते चढले, आणि मी पाटी धरून उभाच राहिलो.

पाटी आजही दारावर आहे, पिवळी पडलेली नाही. पान आत ट्रंकेत आहे.