ओल्या धोतराची शपथ

जीवराम वकिलांची गोष्ट सांगायची तर आधी आमच्या पुनाची सांगावी लागते. पुना नसता तर वकील आणि मी भेटलोच नसतो.

पुना माझा चुलतभाऊ. नशिराबादला आमची शेतं एकमेकांना लागून. ऐंशी सालाच्या आसपास त्याने आमचा मधला बांध दर हंगामात नांगराच्या एका तासाने, म्हणजे एका सरीने, माझ्याकडे सरकवायला सुरुवात केली. असं करता करता माझ्या बांधावरचे दोन निंब चालत चालत त्याच्या शेतात गेले. निंब जागचे हलले नाहीत, बांध हलला, हे मी सगळ्या गावाला सांगून दमलो. गाव मान डोलवायचं आणि पुनाच्या ओट्यावर चहा प्यायचं.

शेवटी जळगाव गाठलं. जीवराम वकील मूळचे रावेरकडचे, केळीवाल्याच्या घरातले. कोट कोपरावर विटलेला, कपाळाला शेंदराचं बोट, आणि बोलणं असं की जणू ओट्यावर बसून सुपारी कातरतायत. जमिनीचे आणि धंद्यातल्या भागीदारीचे दावे हीच त्यांची वकिली. फौजदारीकडे फिरकायचे नाहीत. म्हणायचे, मारामारी करणारा माणूस निदान खरा असतो. माझे कागद त्यांनी वाचले आणि म्हणाले, "आबा, दावा तुम्हीच जिंकाल. पण तोवर तुमचे नातू बांधावर भांडत असतील. पुना पद्मालयाला येईल का, तेवढं विचारा."

ही त्यांची रीत होती. एरंडोलजवळ डोंगरात पद्मालयाचं देऊळ आहे, एका गाभाऱ्यात शेजारी शेजारी दोन गणपती. बाहेर कमळांचं तळं. दोन्ही बाजू कबूल झाल्या की ज्याच्यावर दावा आहे त्याने तळ्यात बुडी मारायची, ओल्या धोतराने ओंजळीत दूर्वा घेऊन गाभाऱ्यापुढे उभं राहायचं आणि आपलं म्हणणं बोलायचं. तो बोलला तर दावा लावणाऱ्याने दावा सोडायचा. नाही बोलला तर त्याने आपला हक्क सोडायचा. मग तशी तडजोड लिहून कोर्टात द्यायची. वकील म्हणायचे, "पिंजऱ्यात माणूस कोरडा असतो. कोरडा माणूस काहीही बोलतो. ओल्या धोतरात खोटं बोलणारा मी अजून पाहिला नाही."

पुना मोठ्या तोऱ्यात आला. येताना जीपमध्ये मलाच तंबाखू दिली. बुडी मारली, दूर्वा घेतल्या आणि गाभाऱ्यापुढे उभा राहिला. धोतरातून पाणी गळून पायाशी थारोळं झालं, तरी तोंड उघडेना. दात वाजायला लागले. मग दूर्वा तिथेच ठेवून बाहेर आला आणि मला म्हणाला, "निंब तुझे. चल, थंडी वाजते." मी माझी घोंगडी त्याला दिली. ती त्याने आजतागायत परत केलेली नाही. बांध सोडला, घोंगडी ठेवली.

त्या दिवशी जीप चालवत होता वना. वना हा वकिलांचा धाकटा भाऊ. बाप गेला तेव्हा तो शाळेत होता, त्याला वकिलांनीच वाढवलं. पुढे रावेरची केळीची बाग तो बघायचा आणि शपथेचा दिवस ठरला की जीप घेऊन जळगावला यायचा. पक्षकारांना न्यायचं, आणायचं. शपथ चालू असताना तो तळ्याच्या पायऱ्यांवर बसून शेंगा खायचा. भावाचा मोठा लाडका. वकिलांनी त्याला कधी नुसत्या नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही, 'वनाभाऊ' म्हणायचे, धाकटा असून.

पुनाच्या निकालानंतर माझं वकिलांकडे जाणं-येणं सुरू झालं. काम नसलं तरी मी भरीत-भाकरी बांधून कोर्टात जायचो. त्र्याऐंशीत हस्तीमल शेठचा दावा चालला होता, तोही मी जवळून पाहिला. हस्तीमल जळगावचे धान्याचे व्यापारी. धुळ्याच्या तोतारामबरोबर त्यांनी भागीदारीत ट्रक घेतला, रावेरहून केळी दिल्लीला न्यायला. दोस्तीतला व्यवहार, लिहून काही ठेवलं नाही, आणि ट्रक तोतारामच्या नावावर. दोन वर्षांनी तोताराम म्हणाला, भागीदारी कसली, ट्रक माझाच. आपले जीवराम वकील तोतारामच्या बाजूने उभे होते. शेठजींचे साक्षीदार बरे होते, निकाल कुठेही झुकला असता. तेव्हा वकील स्वतः उठून शेठजींच्या दुकानी गेले. त्यांना सांगितलं की तोताराम पद्मालयाला शपथ घेईल, आणि माझा पक्षकार खोटी शपथ घेणार नाही, ही जबाबदारी माझी.

शेठजी कबूल झाले. तोताराम ओल्या धोतराने खणखणीत बोलला, "हाऊ ट्रक मना एकलाना शे." ट्रक माझ्या एकट्याचा. शेठजींनी दोन्ही गणपतींना हात जोडले, वकिलांनाही जोडले आणि निघून गेले. वकील कितीतरी दिवस सांगत फिरायचे, हरावं तर हस्तीमलसारखं.

आता वकिलांच्या घरात काय झालं ते ऐका.

बाप गेल्यावर बागेच्या उताऱ्यावर दोघा भावांची नावं लागली. पुढे बाग बघायला लागल्यावर वना एकदा भावाला म्हणाला होता की सोसायटीचं कर्ज काढायला उताऱ्यावर एकच नाव असलं की सोपं जातं. वकिलांनी तलाठ्यापुढे जाऊन आपलं नाव कमी करून दिलं. हेच वकील आम्हाला बजावायचे की वाचल्याशिवाय अंगठा उठवू नका. ब्याण्णव साली त्यांना मणक्याचा त्रास सुरू झाला. वकिली आवरती घेऊन रावेरला बागेत जाऊन राहायचं त्यांच्या मनात आलं. तसा निरोप धाडला तर वनाने उत्तर पाठवलं की कसली बाग. बापाच्या हयातीतच तोंडी वाटणी झाली. वकिलीचं शिक्षण आणि जळगावचं घर तुमच्या वाट्याला, जमीन माझ्या.

जळगावचं घर वकिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं. बापाने त्यात वीटसुद्धा दिलेली नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांचे वाटपाचे दावे लढलेल्या माणसाने शेवटी स्वतःचा लावला. त्यांच्या बाजूने पंडित वकील उभे राहिले, हुशार माणूस. ते म्हणाले, वनाला एकदा पिंजऱ्यात येऊ द्या, दुपारपर्यंत अर्धी बाग तुमची. पण जीवराम वकील ऐकायलाच तयार नाहीत. म्हणाले, वनाभाऊ पद्मालयाला बोलला तर मी सगळं सोडलं. त्यांच्या घरच्या, पुष्पाबाई, माझ्यादेखत म्हणाल्या, "परक्यांना उलटतपासणीत पिळून काढता, आणि भावाच्या हाती नुसत्या दूर्वा देता." वकील हसले. त्यांना बाग हवी होतीच, पण त्याहून जास्त त्यांना वनाला गाभाऱ्यापुढे अडखळताना पाहायचं होतं. तो पुनासारखा दूर्वा ठेवून बाहेर येईल, मग आपण त्याच्या अंगावर टॉवेल टाकू, दोघं मिळून जेवू, हे सगळं त्यांनी मनात मांडून ठेवलं होतं. टॉवेल पिशवीत घेतलेला मी पाहिला.

मी पंच म्हणून गेलो. वना आपल्या जीपमधून आला, आम्ही एसटीने. त्याने बुडी मारली, दूर्वा घेतल्या, आणि हॉटेलात चहा सांगावा तितक्या सहज बोलून मोकळा झाला. बापाने तोंडी वाटणी केली, जमीन मला दिली. बोलला, वळला, बाहेर आला. पायाशी थारोळंसुद्धा झालं नाही.

वकील तळ्याच्या पायरीवर बसले. वना धोतर पिळत होता. वकिलांनी त्याला एवढंच विचारलं, की तुला देवापुढे काहीच वाटलं नाही का.

वना म्हणाला, "भाऊ, तुमच्या संगं इतल्या शपथा पाह्यल्या म्या. कोनाले काय झालं?"

मग त्यानेच पुढे सांगितलं. तोताराम शपथ घेऊन जीपमध्ये बसला तेव्हा पोट धरून हसत होता. अर्धा ट्रक शेठचा होता हे त्याने वनाला रस्त्यातच सांगितलं, वर पेढे दिले. आणखी दोघातिघांचं तसंच. वनाने हे इतकी वर्षं भावाला सांगितलं नव्हतं. का, तर तुम्हाला वाईट वाटलं असतं. असं म्हणून त्याने सदरा घातला आणि जीप सुरू केली. टॉवेल पिशवीतच राहिला.

परत येताना वकील खिडकीबाहेर बघत होते. मी दोन-तीन गमती सांगून पाहिल्या. एरवी माझी गंमत त्यांना पुरायची नाही, आणखी मागायचे. त्या दिवशी पुरली.

पंडित वकील तर आनंदले. तडजोड अजून कोर्टात दिलेली नव्हती. ते म्हणाले, वना काय बोलला ते आबांनी ऐकलंय, आबा साक्ष देतील, शपथ झाली हे विसरा आणि दावा चालवा. मी तयारच होतो. साक्ष द्यायला मला बोलवावंच लागत नाही. जीवराम वकील म्हणाले, उद्या सांगतो. आणि मला घेऊन हस्तीमल शेठच्या दुकानी गेले.

शेठजी थकले होते, पण गादीवर ताठ बसलेले. वकिलांनी बसायच्या आधीच सांगितलं, की तोताराम खोटं बोलला होता, ट्रकमध्ये तुमचा अर्धा भाग होता, मला आज कळलं. माफी मागायला हात जोडले.

शेठजींनी समोरचा तराजू बाजूला सारला. मग म्हणाले, "वकीलसाब, गणपती तुमचा. मी कबूल झालो ते तुमच्या शब्दावर."

वकील उभेच.

"इतकी वर्षं मी समजत होतो की माझीच काही समजण्यात गफलत झाली," शेठजी म्हणाले. "माणूस देवापुढे बोलला, वकील मध्ये होता, म्हणजे मीच चुकलो असेन. बरं वाटायचं हो त्यात. ते कशाला नेलंत?"

त्यांनी गड्याला चहा सांगितला. चहा येईपर्यंत आम्ही थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी जीवराम वकिलांनी तडजोडीवर सही केली. पंडित वकिलांनी शेवटचं समजावलं, की ज्याने फसवलं त्याला दिलेला शब्द कोण पाळतो. वकिलांचं उत्तर इतकंच, "हस्तीमलने पाळला." बाग वनाची झाली. वकिलांनी म्हातारपण जळगावच्या घरातच काढलं, आणि पद्मालयाचं नाव पुन्हा कुठल्या पक्षकारापुढे काढलं नाही. कोणी म्हणालंच की शपथेवर सोडू या, तर खाली मान घालून म्हणायचे, साक्षीदार आणा.

वना दरसाल केळीचा एक घड जळगावला पाठवायचा. वकील तो परत करायचे नाहीत आणि घरातही नेऊ द्यायचे नाहीत. कोर्टाच्या आवारात निंबाखाली ठेवायचे, ज्याला हवं त्याने घ्यावं. मी दोन-दोन खायचो. केळी चांगली होती, त्यांचा काय दोष.

एकदा अशीच केळी सोलत असताना त्यांनी मला विचारलं, "आबा, तुमचा पुना भेटतो का हो?"

भेटतो ना, म्हटलं, रोज बांधावरच.

"त्याला माझा नमस्कार सांगा."

संध्याकाळी मी तो पोचवला. पुना माझीच घोंगडी पांघरून बसला होता. थोडा विचार करून म्हणाला, "वकिलाने मला कशाला नमस्कार केला? हरलो तर मी होतो."