बांधीवरची सीडी

“आता पोपटं येऊनच नाई राह्यले, वैनी. अशी चमकते न ते सीडी!”

काका ओसरीवर चहा पीत आईला सांगत होते. मी आतल्या खोलीत कॉम्प्युटरच्या टेबलाचा खण उपसत होते. परीक्षा देऊन सकाळीच नागपूरहून परतले होते, लोडशेडिंगची लाइट जायला तासभर उरला होता आणि माझी सीडी सापडत नव्हती. काकांचं वाक्य ऐकून हात थांबले.

“कुठून आणल्या, भाऊजी?”

“इथूनच त. खणात पडल्या होत्या. म्हटलं, पाहून झाल्या असतीन. मधात भोकही आहे, बनवणाऱ्यानं दोऱ्यासाठीच ठेवलं वाटते!”

दोघंही हसली.

ब्रह्मपुरीत तेव्हा सीडी म्हणजे पिक्चर. पाहून झाली, अडकायला लागली की तिची रवानगी शेतात. धानाच्या लोंब्या भरू लागल्या की बांध्याबांध्यांतून, म्हणजे भाताच्या खाचरांतून, काठ्यांना टांगलेल्या सीड्या गरगरताना दिसत. मलाही ते बघायला आवडायचं.

पण माझी सीडी कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आली होती. ते मासिक नागपूरहून बसने यायचं, स्टँडवरच्या स्टॉलवाल्याला आधी सांगून ठेवावं लागे, आणि पुष्कळदा आतली सीडी कोणीतरी आधीच काढून घेतलेली असे. या खेपेला होती, आणि तिच्यात इंग्रजी कादंबऱ्या होत्या. वाचनालयातल्या इंग्रजीच्या कपाटात नुसती गाइडं. नेट लावलं की फोन अडकतो म्हणून घरात ओरडा. सीडी कॉपी करून ठेवावी तर हार्ड डिस्क चुलतभावाच्या गेमने भरलेली. म्हणून रोज लाइट असेपर्यंत मी स्क्रीनवरच वाचायचे. एका यानाची गोष्ट होती. पृथ्वीशी संपर्क तुटलेला, आणि परत फिरायचं की पुढे जायचं यावर आतली माणसं भांडत होती. तिथवर वाचून मी परीक्षेला गेले होते.

सीडी गेली याहून जास्त चीड दुसऱ्याच गोष्टीची होती. पाहुणे आले की आई झालरीचं कव्हर काढून मला कॉम्प्युटर सुरू करून दाखवायला लावायची. ‘इंग्लिश मीडियमची आहे, सगळं येते तिले,’ असं काका कौतुकाने सांगायचे. पण मी कॉम्प्युटरपुढे बसून काय करते, हे कोणी कधी विचारलं नाही. हातात पुस्तक असलं की मी अभ्यास करत असे. स्क्रीनवर तेच वाचत असले की मी रिकामी, कांदे चिरायला मोकळी. सांगायला जावं तर डोक्यात आधी इंग्रजी वाक्य यायचं, आणि त्याचं मराठी होईपर्यंत समोरचा दुसऱ्या विषयावर गेलेला असायचा.

मी ओसरीवर येऊन उभी राहिले. काकांनी वर पाहिलं.

“काय झालं, बेटा? तुले पाह्यचा होता का तो पिच्चर? नवीन आणून देतो न.”

एरवी मी मान हलवून आत गेले असते. पण रोज रात्री दव पडत होतं, वाऱ्याने सीडी काठीवर आपटत असणार. आणखी काही दिवस राहिली तर कुठल्याच ड्राइव्हमध्ये चालणार नव्हती.

“काका, तो पिक्चर नाही,” मी म्हणाले. आवाज इतका चढला की आईने कप खाली ठेवला. “माझं पुस्तक आहे ते. अर्धंच वाचून झालंय. आत्ताच्या आत्ता मला बांधीवर घेऊन चला.”