किशोर आणि आमच्या कॉलनीचा डेंग्यू

किशोर गांगुर्डे फाटकात दिसला की आमच्या कॉलनीतल्या बायका आतूनच ओरडतात, "आमच्याकडे काही नाही हो!" भाजीवाल्याला निदान भाव तरी विचारतात. किशोर महापालिकेतर्फे घरोघरी डासांच्या अळ्या शोधतो. नोकरी कंत्राटी. हातात टॉर्च, पांढरा लांब दांड्याचा डाव आणि खिशात खडू. दाराशी चपला काढून तो अतिशय नम्रपणे विचारतो, "काकू, फ्रिजच्या मागचा ट्रे बघू का?" गंगापूर रोडवरच्या सुशिक्षित घराचा यापेक्षा मोठा अपमान नाही. जाताना तो दाराशेजारी खडूने तारीख आणि तपासलेल्या भांड्यांची संख्या लिहितो. संध्याकाळपर्यंत ती पुसलेली असते.

शाळेत तो माझा विद्यार्थी होता. सूक्ष्मदर्शकात अमिबा पाहायचा तास होता. एकोणचाळीस मुलांनी सुबक अमिबा काढला. किशोरने लिहिलं, 'मला काही दिसले नाही.' त्याला मी दहापैकी तीन गुण दिले. तास संपल्यावर मी स्वतः डोळा लावला, तेव्हा लक्षात आलं की भिंगच तडकलेलं होतं.

यंदा गणपती बसले आणि पंधरा दिवसांत कॉलनीतल्या पाच जणांना डेंग्यू झाला. दीपमालाताई तर चार दिवस दवाखान्यात होत्या. लगेच कमिटीची बैठक झाली आणि कसलीही तपासणी न करता गुन्हेगार एकमताने ठरला. कुंपणापलीकडे साळूबाई विधात्यांचा झेंडूचा मळा आहे, मळ्यात सिमेंटचा उघडा हौद आहे. "एवढं उघडं पाणी! डास दुसरीकडून येतीलच कसे?" अध्यक्ष ज्ञानेशराव वडनेरे म्हणाले. हौद बुजवण्याचा अर्ज तयार झाला. दसरा अठरा दिवसांवर होता, झेंडू कळ्यांनी लगडला होता आणि वीज कधी येईल त्याचा नेम नसल्यामुळे सगळं पाणी त्या हौदातूनच मिळत होतं. हौद गेला तर साळूबाईंचं वर्षाचं पीक उभ्या जागी वाळणार होतं.

अर्जाला फक्त किशोरचा तपासणी अहवाल जोडायचा राहिला होता. साक्षीदार म्हणून कमिटीने मला सोबत पाठवलं.

"बाई, तुम्ही बी आल्या का?" साळूबाई म्हणाल्या. "माझा हौद पाह्यला येवढी माणसं! पोरीला पाह्यला आली तव्हा एवढी नव्हती."

किशोरने दहा ठिकाणी डाव बुडवला. दरवेळी टॉर्च मारून पाहिलं, मलाही दाखवलं. पाणी, शेवाळ आणि एकदा एक घाबरलेला गप्पी मासा. अळी एकही नाही. मासे दोन वर्षांपूर्वी त्यानेच सोडले होते.

"लय खादाड हायेत मेले," साळूबाई म्हणाल्या. "तुमच्या कॉलनीत दोन-चार सोडू का?"

कमिटीच्या बैठकीत अध्यक्षांना हे मुळीच पटलं नाही. "अरे, मग डेंग्यू काय कुरियरने आला?"

"साहेब, डास आजार घेऊन जन्मत नाही," किशोर म्हणाला. "आपल्यातल्याच कुणा आजाऱ्याला चावतो, आठ-दहा दिवसांनी दुसऱ्याला देतो. हा डास दिवसा चावतो, सकाळी जास्त, आणि फार लांब जात नाही."

आपल्यातलाच कुणी, हे ऐकून बैठकीत सगळे एकमेकांपासून जरा सरकून बसले.

मग तो पाचही घरी गेला. पाण्याबद्दल चकार शब्द नाही. एकच प्रश्न, "सकाळी आठ ते नऊ तुम्ही कुठे असता?"

"हा मलेरियावाला आहे की पोलीस?" ज्ञानेशरावांनी मला विचारलं.

पाच रोगी तीन वेगवेगळ्या इमारतींतले होते. पण फिरून झाल्यावर पाचही जण बागेतल्या कडुनिंबाखाली हास्यक्लबात बसत. किशोर तिथे गेला आणि वर पाहू लागला. फांद्यांना पक्ष्यांसाठी मातीच्या चौदा कुंड्या टांगलेल्या होत्या. एप्रिलमध्ये कमिटीनेच लावलेल्या, पेपरात फोटोसुद्धा आलेला. प्रत्येक कुंडीवर तैलरंगात दात्याचं नाव. त्यांत रोज पाणी घालणं पुण्याचं, ओतून देणं पापाचं. शिवाय दर रविवारी कॉलनीत कोरडा दिवस असतो. घरातली साठवलेल्या पाण्याची सगळी भांडी त्या दिवशी रिकामी करायची. पाणी वाया जाऊ नये म्हणून आम्ही सगळे ते बादल्यांनी आणून याच कुंड्यांत ओतत होतो. घरातल्या अळ्यांना आम्ही दर आठवड्याला बागेत हवापालटाला पाठवत होतो म्हणा ना.

किशोरने स्टुलावर चढून एकेक कुंडी उतरवली. नऊ कुंड्यांत अळ्या वळवळत होत्या. सर्वांत जास्त, मोजून त्रेसष्ट, वडनेऱ्यांच्या कुंडीत. अहवालात 'भांडे कोणाचे' असा रकाना असतो. त्याने तो भरला.

"कुंडीवर नाव माझं आहे," ज्ञानेशराव कडाडले, "अळ्या माझ्या नाहीत!"

"अळ्यांवर नाव नसतं साहेब, म्हणून भांड्यावरचं लिहिलं."

"तुझं कंत्राट मार्चपर्यंतच आहे ना रे?"

"हो साहेब." किशोरचा आवाज जरा बारीक झाला, पण कागद तसाच पुढे राहिला. "साक्षीदाराची सही इथं."

ज्ञानेशराव माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही चष्मा लावून पाहिलंत ना?"

"लावून पाहिलं, आणि पुसून परत पाहिलं," मी म्हणाले, आणि सही केली.

हा अहवाल जोडून अर्ज पाठवण्याची कमिटीला हिंमत झाली नाही. अर्ज मागे घेतला गेला. ठराव मात्र झालाच: 'पक्ष्यांच्या आरोग्याच्या दृष्टीने कुंड्या काढण्यात याव्यात.' कडेला अंडी चिकटून राहतात म्हणून किशोरने सगळ्या कुंड्या ब्रशने खरवडल्या. दोन-तीन आठवड्यांत नवे रोगी थांबले. कमिटीने बैठक घेऊन, मध्ये एकदाच फिरून गेलेल्या धुराच्या मशीनचे जाहीर आभार मानले. किशोरचं नाव कुणी घेतलं नाही आणि तो त्या बैठकीलाही नव्हता. पुढच्या गल्लीत कुणाच्या तरी फ्रिजमागे वाकला असेल.

खंडेनवमीला साळूबाईंनी त्याच्या डावासाठी एक माळ पाठवली. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, त्या आमच्या फाटकाशी झेंडूचा ढीग घेऊन बसल्या होत्या. ज्ञानेशरावांनी एक फूल उचलून निरखलं.

"ताजी आहेत ना?"

"तर! पहाटं तोडून हौदाच्या पाण्यानं शिंपडली हायेत."

त्यांचा हात क्षणभर थबकला. मग त्यांनी पिशवी पुढे केली. "दोन किलो द्या."