मोहरीच्या मेणबत्त्या

लोणावळ्याच्या कबरस्तानात एकदा फोडणीचा वास सुटला होता, आणि तो माझ्यामुळे सुटला होता.

हे लढाईच्या दिवसांतलं. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. आमचे हे मालधक्क्यावर कारकून होते आणि आम्ही स्टेशनाजवळच्या चाळीत राहत होतो. सासूबाई नवलाख उंबरे गावच्या, जन्म शेतात गेलेला. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. त्या वर्षी मार्गशीर्षात नणंदेचं लग्न ठरलं होतं, आणि रुखवताचं काम मी आपण होऊन अंगावर घेतलं होतं, कारण माझ्या हातात कला आहे अशी माझी पक्की समजूत होती. (माहेरी तळेगावला तसं कुणी म्हटलं नव्हतं. पण कुणी नाहीही म्हटलं नव्हतं, आणि मला तेवढं पुरे होतं.) सुपारीचे नवरानवरी झाले, भोपळ्याच्या बियांची कमळं झाली, फुटक्या बांगड्यांचा मोर झाला. मग पुठ्ठ्यावर खळ लावून, मोहरी चिकटवून मी एक हत्ती केला. तो पाहून आत्याबाईंनी ही म्हस कुणाच्या गोठ्यातली म्हणून चौकशी केली. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

शेजारच्या खोलीत मार्थाबाई होत्या. मूळच्या वसईकडच्या, दवाखान्यात सुईणीचं काम करत. माझं पहिलं बाळंतपण फसलं तेव्हा ही बाई तीन दिवस माझ्या उशाशी बसून होती. मूल गेलं हे मला त्यांनीच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर माझा हात सोडला नाही. त्या उपकाराची फेड कशी करायची हे मला कधी कळलं नव्हतं. पुढे त्यांचे यजमान विषमज्वरानं गेले. ते गाडीवर गार्ड होते. मला तेव्हा त्यांच्यापाशी बसायलाही नीट जमलं नाही. जाऊन यायची, चहा ठेवायची, आणि काय बोलावं ते न सुचून परत यायची.

ख्रिस्ती लोकांत वर्षातून एकदा गेलेल्या माणसांचा दिवस असतो. संध्याकाळी सगळे कबरस्तानात जमतात आणि आपापल्या माणसाच्या कबरीवर मेणबत्त्या लावतात. लढाईमुळे बाजारात मेणबत्ती औषधालासुद्धा मिळत नव्हती. मार्थाबाईंनी कुणाकुणाचे पाय धरून पुण्याहून एक डझन मिळवल्या. त्यांतल्या दोन पहिल्याच दिवशी उंदरांनी कुरतडल्या, म्हणून उरलेल्या दहा त्या आमच्याकडे घेऊन आल्या, कारण आमच्याकडे मांजर होतं.

"जपून ठेव," त्या म्हणाल्या. "जन्मभर त्यांनी गाडीच्या शेवटी दिवा धरला. पहिल्याच वर्षी त्यांच्यापाशी अंधार नको."

मी जपून ठेवते म्हणाले. आता जपून ठेवणं म्हणजे फडताळात ठेवणं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मी त्या दहा मेणबत्त्या समोर मांडल्या आणि मला त्या फार केविलवाण्या वाटल्या. पांढऱ्याफटक, उघड्याबोडक्या. एवढ्या चांगल्या माणसाच्या नावानं असं काही लावायचं? मला वाटलं, देवानंच ही फेडीची वाट दाखवली. (देवाला मी त्यात उगाच ओढलं. वाट माझी मीच शोधली होती.)

खळ मेणाला धरेना. मग मी मेणबत्त्या निखाऱ्यावर जरा जरा शेकून मऊ केल्या आणि रंगीत रव्यात लोळवल्या. पिवळा रवा हळदीचा, तांबडा कुंकवाचा, निळा धोब्याच्या निळीचा. खाली मसुरीच्या डाळीचं कडं. आणि वरपासून खालपर्यंत मोहरीची वेल, दाणा न् दाणा सुईच्या टोकानं बसवलेला. चार दुपारी गेल्या. आत्याबाईंनी दारातून एकदा पाहिलं, मोहरी महाग झालीय एवढं म्हणाल्या आणि आत गेल्या.

कबरस्तानात जायच्या दिवशी मार्थाबाई मेणबत्त्या न्यायला आल्या तेव्हा मी पाटी फडक्यानं झाकून स्वतः उचलली आणि मी न् आत्याबाईपण येतो म्हणाले. त्यांना बरं वाटलं. कबरीपाशी पोचल्यावर मी फडकं काढलं. मार्थाबाई बराच वेळ पाहत राहिल्या. मला वाटलं, गहिवरल्या. त्यांनी दहाही मेणबत्त्या कबरीवर ओळीनं रोवल्या आणि पेटवल्या. फादरनी प्रार्थना सुरू केली. चाळीस-पन्नास माणसं माना खाली घालून उभी होती.

पहिला दाणा तडतडला तेव्हा मला वाटलं, कुणाच्या पायाखाली काटकी मोडली. मग दुसरा उडाला, तिसरा उडाला, आणि मग दहाही मेणबत्त्यांनी एकदम फोडणी धरली. मोहरी चहूकडे उडू लागली. एक दाणा फादरच्या उघड्या पुस्तकात जाऊन पडला. त्यांनी तो बोटानं झटकला आणि तीच ओळ पुन्हा वाचली. रवा करपायला लागला, डाळीचा धूर निघाला. मागच्या रांगेत कुणीतरी शिंकलं, कुणीतरी हसू दाबलं. आमच्याकडे दृष्ट काढताना मोहरी विस्तवात टाकतात, आणि ती जितकी तडतडेल तितकी दृष्ट जबर मानतात. आत्याबाई माझ्या कानाशी आल्या.

"हितं कुणाची दिष्ट काढतीयास गं?"

तेवढ्यात एक मेणबत्ती विझली. जळका रवा वातीभोवती साचून तिचा जीव घोटत होता. मग दुसरी विझली. आजूबाजूच्या कबरींवर साध्या पांढऱ्या मेणबत्त्या सरळ जळत होत्या, आणि आमच्या ओळीत एकेक ज्योत मिटत चालली होती. दिवस मावळत आला होता. मला वाटलं, भूमी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. पण कबरस्तानात असलं काही मनात आणायलाही भीती वाटली.

दहावी विझली तेव्हा मार्थाबाई खाली बसल्या. मीही बसले. मी रडत होते आणि नखांनी मोहरी खरवडत होते. त्यांनीही एक मेणबत्ती उचलली आणि खरवडायला लागल्या. मग आत्याबाई लुगडं सावरून बसल्या आणि त्यांनी कमरेचा अडकित्ता काढला. प्रार्थना कधीच संपली होती, माणसं पांगत होती. फादर मात्र आपली मेणबत्ती आमच्यावर धरून उभे राहिले. दहांतल्या सहा वाचल्या. देवीचे व्रण असलेल्या तोंडासारख्या दिसत होत्या, पण पेटल्या आणि जळत राहिल्या.

मी मार्थाबाईंची माफी मागितली. नीट मागता आली नाही, नुसतंच मी चुकले, मी चुकले म्हणत राहिले.

त्या ज्योतींकडे पाहत होत्या. "हे गेल्यापासून घरात आवाज म्हणून नाही," त्या म्हणाल्या. "हा माणूस शिट्टी फुंकल्याशिवाय कुठून हलला नाही कधी. आज ते तडतडणं ऐकून पहिल्यांदा वाटलं, इथं आहे." आणि मग त्या रडल्या. त्यांना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मी त्यांचा हात धरला आणि सोडला नाही. तेवढं एक काम त्या दिवशी मी धड केलं.

पुढच्या वर्षी मार्थाबाईंनी पुन्हा एक डझन मेणबत्त्या मिळवल्या. अकरा त्यांनी पत्र्याच्या डब्यात घालून आत्याबाईंच्या ताब्यात दिल्या, आणि माझ्या हाताला लागू द्यायच्या नाहीत असं माझ्यादेखत बजावलं. बारावी माझ्यापुढे धरली.

"ही कर," त्या म्हणाल्या. "मोहरी भरपूर लाव."

त्यानंतर मी जन्मभर रुखवतं केली, मोर केले, हत्ती केले. पण माझ्या कलेला आपण होऊन आलेली मागणी ही एवढी एकच, आणि तीसुद्धा कबरस्तानातून!