राबाची पुडी

लग्नाला तीन वर्षं झाली तरी मला मूल नव्हतं, आणि आमच्या गडब गावाला चर्चेला एवढं पुरतं. पेणच्या डॉक्टरीणबाईंकडे माझ्या सगळ्या तपासण्या तोवर करून झाल्या होत्या. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, नळ्या मोकळ्या आहेत का ते बघायचा एक्स-रेही झाला. तो भयंकर दुखतो. सगळं व्यवस्थित निघालं. बाई दर वेळी म्हणायच्या, "आता मिस्टरांना घेऊन या. त्यांची एकच तपासणी आहे आणि ती अजिबात दुखत नाही."

मिस्टर नागोठण्याला कंपनीत. विषय काढला की त्याची शिफ्ट असायची. त्याच्या कंपनीत चार शिफ्ट असाव्यात असं मला वाटू लागलं, तीन कामाच्या आणि एक डॉक्टरकडे न जाण्याची. सासूबाई आल्यागेल्याला चहाबरोबर सांगायच्या, "सूनबाईचं औषद चालू हाय." मी लोहाच्या गोळ्या घेत होते. त्या गावातल्या निम्म्या बायका घेतात.

त्या चैत्रात कृषी सहायक माती तपासणीसाठी कापडी पिशव्या वाटून गेले. शेतात नागमोडी फिरायचं, आठ-दहा ठिकाणी वीतभर खणायचं, ती माती एकत्र करून अर्धा किलो द्यायची. बांधाजवळची नको, झाडाखालची नको आणि राबाची तर मुळीच नको, असं त्यांनी दोनदा बजावलं. राब म्हणजे भाताची रोपं करायचा तुकडा. त्यावर शेण, पाला, गवत पसरून भाजतात, दर वर्षी. अख्ख्या शेतात लाड होतात ते त्याच तुकड्याचे. सासरे "व्हय, व्हय" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर ते राबातच उकिडवे बसून पिशवी भरत होते. सासऱ्यांना मी मामा म्हणते.

"मामा, राबाची नको म्हणाले होते ना?"

"अगो, पोर दाखवायची तर शेनाच्या हातांनी उभी करतात काय? बरं लुगडं नेसवतात ना?"

मलाही नेसवूनच दाखवलं होतं, तेव्हा मी काय बोलणार! रोह्याला बारावी सायन्स झालेली घरात मी एकटीच, म्हणून फॉर्म माझ्याकडे आला. त्यावर 'खालचं शेत' असं मी स्वच्छ अक्षरात लिहिलं. खोटं आहे हे कळत होतं, तरी लिहिलं.

माती तपासल्याचं कार्ड आलं, त्यात जिकडे तिकडे 'भरपूर'. मामांनी ते कॅलेंडरशेजारी टांगलं आणि पाहुण्यांना दाखवलं. खत थोडंच पुरेल असं त्यावर छापलेलं होतं आणि सरकारी कागदावर मामांचा विश्वास दांडगा, म्हणून त्यांनी शेणखतही निम्मं टाकलं. श्रावणात शेजाऱ्याचं भात काळंभोर आणि बांधाच्या अलीकडे आमचं पिवळं. कापणीला निम्म्या लोंब्या पोचट निघाल्या. सासूबाईंनी दृष्ट लागल्याचं सांगितलं. कोणाची, तेही सांगितलं.

मग एका सकाळी मामा कुदळ घेऊन खालच्या शेतात गेले, दहा ठिकाणी खणलं आणि पिशवी माझ्यापुढे ठेवली. "हाय तशी दे," एवढंच म्हणाले.

या खेपेला कार्डावर नत्र कमी, सेंद्रिय कर्ब कमी, जस्त कमी. मामांनी ओटीवर बसून ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. नवरा चहा पीत होता. तो हसला. "बाबा, नापास की हो तुमची जमीन!"

"नापास तर नापास. काय घालायचं ते तरी कळलं." मामांनी कार्ड घडी करून खिशात ठेवलं. "मी राबाची पुडी देऊन एक वरीस घालवलं. तू चार वर्सं पुडीच देत नायस."

सासूबाई उठून आत गेल्या. नवऱ्याने कपातला उरलेला चहा संपवला, त्याला बराच वेळ लागला. पुढच्या आठवड्यात दुपारची शिफ्ट असताना तो सकाळी मुकाट्याने माझ्याबरोबर पेणला आला.

चार दिवसांनी रिपोर्ट घ्यायला दोघं गेलो. शुक्राणू कमी आणि त्यांची हालचाल मंद. "फलनाला एकच लागतो," बाई म्हणाल्या, "पण तो एक पोचायला निघणारे पुष्कळ लागतात. औषध आहे, वेळ लागेल." त्याने मान हलवली. परतताना मोटरसायकलवर मला त्याची दया येत होती आणि रागही येत होता. राग जास्त होता.

घरी सासूबाई दोन शेजारणींबरोबर पडवीत वाल सोलत बसल्या होत्या. मी उतरते न उतरते तोच त्यांनी मला विचारलं, "काय गो, काय म्हनाली डॉक्टरीण?"

नेहमी मीच उत्तर द्यायचे. तोंड उघडलंही होतं.

"तिला काय नाय झालेलं," नवरा हेल्मेट काढत म्हणाला. "माझ्यात कमी हाय."

सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "अरे हळू बोल. बाया ऐकतात."

"ऐकू दे," तो म्हणाला. "तिचं चार वर्सं ऐकलंच ना त्यांनी."