मेणाखालची तार

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ते माझं मलाच धड कळत नाही.

चोपन्न-पंचावन्नची गोष्ट. चांद्यात माझा रेडिओचा कारखाना होता. कारखाना कसला — एक खोली आणि पुढे दुकान. बॅटरीवरचे तयार रेडिओ विकायचो, आणि सुट्या सामानाची पेटीही. व्हॉल्व्ह, स्पीकर, कॉइल — घरी जोडा आणि ऐका. जोडलेला रेडिओ आधी दुकानात आणायचा, तो बोलला की जोडणाऱ्यानं गूळ वाटायचा, अशी रीतच पडली होती. पेट्या धडाधड खपायच्या. तयार रेडिओ धूळ खात पडलेले. माझा सगळा पैसा त्यांच्यात अडकला होता — पण ही सबब नको.

सावली गावचे गणपतभाऊ शिंपी पेटी घ्यायला आले. अख्खं गाव त्यांच्या ओट्यावर बसायचं. त्यांचा रेडिओ बोलला असता तर तयार रेडिओ कुणी घेतला असता? म्हणून — सांगूनच टाकतो — त्यांच्या कॉइलची केसाएवढी तार मी आतून तोडली आणि वरून मेण ओतलं.

ते रेडिओ जोडून आले. सोबत गावकरी, उपरण्याच्या गाठीत गूळ. तारांच्या जोडांवरचे कथिलाचे डाख इतके नेटके, की टीप घातल्यासारखे. बॅटरी लावली. आवाज नाही. सगळे माझ्याकडे बघू लागले, आणि मी म्हणालो, हात बसला नाही तुमचा. लोक हसले.

"खरं हाय भाऊ," ते म्हणाले. "माहे हात सुईचेच. मले हे जमाचं नाई."

तो रेडिओ मी मोडीत घेतला आणि त्यांना तयार देऊ केला. ते गेल्यावर त्यांच्याच रेडिओत धड कॉइल बसवली. लगेच बोलला. दुसऱ्या एकाही डाखाला हात लावावा लागला नाही. त्यालाच लाकडी खोका चढवला, मागची फळी पक्की केली, उघडू नका म्हणून बजावलं — आणि त्यांचाच रेडिओ त्यांना विकला. लाज तेव्हाही वाटली होती. पण विकला.

सावलीत पोचवायला मीच गेलो. ओट्यावर तो बोलला तेव्हा गणपतभाऊंनी गूळ काढला आणि पहिला खडा माझ्या हातावर ठेवला.

"हा रेडिओ तुमच्या हातचा, भाऊ."

पुढे मरेपर्यंत ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, जोडायच्या भानगडीत पडू नका, मले नाई जमलं. मी एकदाही अडवलं नाही.

तो गूळ मी तिथंच, त्यांच्यासमोर खाल्ला. गोड लागला.