रॉजरसान आज कशाने मेले?

किस्से साठतात ते प्लॅस्टिकच्या डब्यांसारखे. कुणाकडून आले, कधी आले, आठवत नाही. ओट्याखालचं कपाट उघडलं की सगळे धडाधड अंगावर येतात आणि एकाचं झाकण दुसऱ्याला बसत नाही. आम्ही जपानात ओजिमाला राहणाऱ्या मराठी बायका जमलो की रॉजरसानचं कपाट उघडतंच उघडतं. मी सातवी शिकलेली, लिहायची सवय नाही. पण दहाव्या मजल्यावरच्या मेघनाताई म्हणाल्या, "सुलभा, तू सांगतेस तसंच लिही. फक्त मधे मधे श्वास घे."

तर घेतला श्वास.

*

आम्ही तेव्हा जपानात नवीन होतो. सॉफ्टवेअरवाल्यांची रीघ लागली होती, त्यात आमचे हेही आले. हे म्हणजे माझ्या आत्याचा मुलगा. गावची शाळा सातवीपर्यंत, हे पुढे शिकायला कराडला गेले, मी घरी राहिले, आणि आत्याने मला सून करून घेतली. बरोबर आमची जुई, तीन वर्षांची.

एका संध्याकाळी टीव्ही लावला. भाषा कळत नव्हती, पण एक पांढऱ्या केसांचा उंच गोरा माणूस विषारी मासा खातो आणि तडफडून मरतो, एवढं कळलं. इतका बेजार होऊन मेला की मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुईला घेऊन लिफ्टने खाली निघाले. पाचव्या मजल्यावर दार उघडलं आणि समोर तोच माणूस! हातात कचऱ्याची पिशवी. वाकून म्हणाला, "ओहायो गोझाइमास."

मी जुईचे डोळे झाकले आणि चौथ्या मजल्यावर उतरून जिन्याने पळाले.  मैदानात मेघनाताई भेटल्या, त्यांना धापा टाकत सगळं सांगितलं.

त्या शांतपणे म्हणाल्या, "घाबरू नकोस गं. ते दर आठवड्याला मरतात."

*

झालं होतं असं, की इथे टीव्हीवर जगातल्या खऱ्या घटना नटांकडून करून दाखवतात. त्यात गोरा माणूस मरायचा असला की आमच्या पाचव्या मजल्यावरच्या रॉजरसानना, म्हणजे आपल्या भाषेत रॉजररावांना, बोलावणं जायचं. माणूस अमेरिकेतला, पण जपानात त्यांचा सगळा संसार मरणावर चाललेला. बुडून, जळून, विमान कोसळून, अस्वलाच्या हातून.

आम्हा बायकांना सवयच लागली. सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालताना वरून मेघनाताई विचारायच्या, "काल मला बघायला जमलं नाही. कशाने गेले?"

"वीज पडून."

"बरं झालं बाई. मागच्या आठवड्यात नुसता ताप होता, काही मजाच आली नाही."

*

हसत होते, पण काळजी होती ती जुईची. गावाकडे दिवसभर चिवचिवणारी जुई जपानात उतरली आणि गप्पच झाली. मराठी नाही, जपानी नाही, हूं की चूं नाही. हवं ते बोटाने दाखवायची. कानाच्या डॉक्टरांनी कान उत्तम म्हणून सांगितलं. दर रविवारी आत्याचा फोन यायचा, त्यात एकच वाक्य: "पोरगी मुकी केलीस गं तिकडं नेऊन."

शेवटी ह्यांच्यात आणि आत्यात ठरलं. नोव्हेंबरात इथल्या बालवाडीची मुलाखत असते. बालवाडीने घेतलं तर ठीक. नाही घेतलं तर मार्चमध्ये जुईने आणि मी गावी परत जायचं, आणि ह्यांनी इथे एकट्याने राहायचं. मुलाखतीत फार काही नव्हतं. मुलांनी आपलं नाव सांगायचं, एवढंच.

एवढंच! मला रात्रंदिवस तेवढंच दिसायचं.

*

अशात एकदा रॉजरसानचं टपाल चुकून आमच्या पेटीत आलं, म्हणून द्यायला गेले. दारातून भिंतीवरचा फोटो दिसला. तरुण रॉजरसान, अंगात पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, भोवती चार नर्सा. मी मनाशी म्हटलं, बघा, देव कसा दार दाखवतो! माणूस मुळातला डॉक्टर, रिटायर झाल्यावर हौस म्हणून मरतोय.

दुसऱ्या दिवशी बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन जुईसकट हजर झाले. माझं इंग्रजी होतं तेवढं सगळं वापरलं: "बेबी नो टॉक. यू डॉक्टर. प्लीज."

रॉजरसान एकदम गंभीर झाले. चष्मा लावला. टॉर्च आणला. जुईला तोंड उघडायला लावून घसा पाहिला, गुडघ्यावर टिचकी मारली, पाठीला कान लावला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, खिडकीबाहेर लांबवर बघितलं आणि जड आवाजात म्हणाले, "वी ऑपरेट टुमारो मॉर्निंग."

यातला प्रत्येक शब्द मला कळत होता. मी तिथेच खाली बसले.

रॉजरसाननी पाणी मारून उठवलं, मेघनाताईंना फोन लावला, त्या धावत आल्या, तेव्हा उलगडा झाला. रॉजरसान अमेरिकेतल्या एका सीरियलमध्ये बरीच वर्षं डॉक्टर होते. सीरियलमध्ये! मेघनाताई मला म्हणाल्या, "तेवढा एकच डायलॉग त्यांना अजून पाठ आहे गं. आणि तू रोल दिलास, त्यांनी केला. आयुष्यात एकाही रोलला नाही म्हटलेलं नाही त्यांनी."

लाडू मात्र त्यांनी ठेवून घेतले. त्या दिवसापासून ओळख झाली, आणि जुईला मी शिकवलं, हे आजोबा.

*

त्या सीरियलमधून ते बाहेर कसे पडले, हाही एक किस्साच. मेघनाताईंनी मला मराठीत करून सांगितलेला.

रॉजरसानना मासे धरायचा भारी नाद. एका उन्हाळ्यात त्यांनी मासेमारीसाठी लांब सुट्टी मागितली. सीरियलवाले चिडले. सुट्टी दिली, पण कथेत डॉक्टरसाहेबांना अपघात करून कोमात पाठवलं. परत आले तरी कोमा काही उतरेना. मग काय, हे रोज स्टुडिओत जायचे, कपडे बदलायचे आणि झोपायचे. बायका उशाशी येऊन रडायच्या. इतकी वर्षं बोलून आली नव्हती तेवढी पत्रं झोपल्यावर यायला लागली!

एके दिवशी ते खरंच गाढ झोपले आणि सगळ्यात रडक्या सीनमध्ये मोठ्याने घोरले. पुढच्याच भागात डॉक्टरसाहेबांचे अंत्यसंस्कार.

नंतर जपानातून पोटाच्या गोळीची एक जाहिरात आली. पोटावर हात फिरवून फक्त "आह" म्हणायचं होतं. त्या एका "आह" वर ते इथे राहिले ते राहिलेच.

*

खाली कचरा टाकायच्या जागेवर इशिदासानचं राज्य. सत्तरीच्या जपानी बाई, चणीने एवढ्याशा, पण त्यांच्यासमोर अख्खी बिल्डिंग शाळेतल्या पोरांसारखी उभी राहते. ओला कचरा कधी, डबे कधी, बाटल्या कधी, सगळं ठरलेलं. चुकलं की पिशवी तुमच्या दारात परत.

एका भागात रॉजरसान निर्जन बेटावर अडकले होते. मरायच्या आधी त्यांनी चिठ्ठी लिहून बाटलीत घातली आणि बाटली समुद्रात फेकली. आम्ही सगळ्या हळहळलो.

दुसऱ्या दिवशी इशिदासाननी त्यांना खाली गाठलं, कमरेतून वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "बाटल्या बुधवारी."

*

त्याच इशिदासाननी एकदा मला आणि मेघनाताईंना चहाला बोलावलं. मी आधीच घाबरलेली. कसं बसायचं, कप कसा धरायचा, सगळं घोकून गेले. मधे संडासला जाऊन आले, चटईवर नीट गुडघे दुमडून बसले, चहा संपवला, अगदी राणीसारखी वागले.

लिफ्टमध्ये मेघनाताई म्हणाल्या, "सुलभा, तू संडासातल्या चपला घालून बाहेर आलीस, आणि त्याच घालून त्यांच्या चटईवर बसलीस."

इथे संडासाच्या चपला वेगळ्या असतात. त्या संडासातच काढायच्या. बाहेर आणणं म्हणजे आपल्याकडे देवघरात बूट घालून जाणं. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, इशिदासान तर काहीच बोलल्या नाहीत.

"तेच तर. बाटलीवरून लगेच बोलतात आणि इथे एक शब्द नाही, म्हणजे चपलांचं किती लागलं असेल बघ."

 तेव्हापासून मी जुईला सकाळ-संध्याकाळ कमरेवर हात ठेवून तेच सांगायची, संडासातल्या चपला घालून बाहेर यायचं नाही. जुई ऐकायची. बोलायची नाही.

*

इथल्या टीव्हीवर गोरा माणूस बोलायला लागला की वरून जपानी आवाज चढवतात. त्याचा खरा आवाज खाली बारीकसा ऐकू येत राहतो, पण लक्ष कोण देतंय? म्हणून रॉजरसान मरताना तोंडाला येईल ते बोलायचे. आधी भाज्यांची नावं म्हणायचे. आमची ओळख झाल्यावर मेघनाताईंकडून मराठी वाक्यं शिकले.

एकदा ते बर्फात दोरीला लटकलेले गिर्यारोहक होते. आम्ही सगळ्या इशिदासानच्या घरी बघत होतो. दोरी तुटत आली. वरचा जपानी आवाज म्हणाला, माझ्या मुलांना सांग, मी त्यांच्यावर फार माया केली. इशिदासाननी डोळ्याला रुमाल लावला. आणि खालून, फाटलेल्या आवाजात, अगदी स्वच्छ:

"मेघनाताई, आज आमटी खारट झाली."

मी पदर तोंडात कोंबला. मेघनाताई मात्र हसल्या नाहीत. ताठ बसून राहिल्या, आणि रॉजरसान पार दरीत पडेपर्यंत थांबून म्हणाल्या, "खारट नव्हती."

*

ह्यांच्या ऑफिसातल्या एका जपानी मुलाचं हॉटेलात लग्न होतं. इथे लग्नात गोरा पाद्री लागतो. घरच्यांचा चर्चशी काही संबंध नसला तरी चालतं, पण गोऱ्या पाद्र्याशिवाय फोटो खुलत नाही म्हणे. आत जाऊन बघतो तर पांढऱ्या झग्यात रॉजरसान!

सगळं झोकात चाललं होतं. एवढ्यात पहिल्या रांगेतली नवऱ्या मुलाची आजी उभी राहिली आणि बोट दाखवून म्हणाली, "हे तर परवा बुडाले!"

 रॉजरसाननी पुस्तक मिटलं, आजीकडे प्रेमाने बघितलं आणि म्हणाले, "हो. म्हणूनच आजची तारीख मोकळी होती."

*

जुईचं आणि त्यांचं मात्र जमलं. खाली मैदानात ते मरणाची प्रॅक्टिस करायचे आणि ही घसरगुंडीवर बसून बघायची. मेले की एक डोळा उघडून तिच्याकडे बघायचे. तिने मान हलवली तर उठायचे. नाही हलवली तर परत मरायचं. एकदा तिने त्यांना इतक्या वेळा मारलं की मीच खाली जाऊन म्हटलं, पुरे गं, आजोबा खरंच जातील.

तरी शब्द नाही. आणि नोव्हेंबर आला.

*

मुलाखतीला आई-वडील दोघं लागतात, गडद निळ्या कपड्यांत. निघायच्या वेळेला ह्यांचा फोन आला. ऑफिसातलं काहीतरी मोठं बंद पडलं होतं, सुटका नव्हती. माझं जपानी बाजारापुरतं. काय करू सुचेना. रॉजरसान एका लग्नातून नुकतेच आले होते, तसेच काळ्या सुटात दुभाषे म्हणून आमच्याबरोबर निघाले.

बालवाडीत दारात बूट काढून पाहुण्यांच्या तपकिरी चपला घातल्या. रॉजरसान घाईने संडासला जाऊन आले, तेवढ्यात आमचा नंबर लागला. मुख्याध्यापिका वयस्क, बोलायला फार गोड. समोर कागद, हातात पेन. वाकून जुईला जपानीत विचारलं, तुझं नाव काय?

जुई गप्प.

परत विचारलं. जुई माझ्या साडीची निरी बघत बसली. बाईंनी हळूच पेन खाली ठेवलं. तो पेन ठेवल्याचा आवाज मला अजून आठवतो. मला मार्च दिसला, विमानतळ दिसला, काचेपलीकडे एकटे उभे असलेले हे दिसले.

आणि रॉजरसाननी छातीवर हात दाबला.

आधी खुर्ची पडली. मग ते खेळण्यातल्या पियानोवर आदळले, त्याचे सगळे सूर एकदम वाजले. भिंतीला धरून घसरत, मुलांनी काढलेली चित्रं गोळा करत खाली आले, एक आचका दिला, दुसरा दिला आणि मेले. मुख्याध्यापिका पेन उचलून अर्धवट उभ्या. मी हात जोडलेले. मेलेल्या रॉजरसाननी एक डोळा उघडला आणि जुईकडे बघितलं.

जुई खुर्चीवरून उतरली. त्यांच्याभोवती एक फेरी मारली. पायांशी थांबली. तेव्हा मीही बघितलं. माझ्या पायांत तपकिरी चपला. त्यांच्या पायांत निळ्या, प्लॅस्टिकच्या, वर संडासाचं चित्र असलेल्या.

जुईने कमरेवर हात ठेवले. तोंड हुबेहूब माझ्यासारखं झालं.

"आजोबा, संडासातल्या चपला घालून मरायचं नाही!"

 रॉजरसाननी डोळे मिटून, मेल्या मेल्याच, एका पायाने दुसऱ्या पायातली चप्पल हळूच काढली.

मुख्याध्यापिकांचा चेहरा उजळला. त्या घाईघाईने बसल्या, कागद पुढे ओढला, दोन अक्षरं लिहिली आणि थबकल्या. मग माझ्याकडे बघून, अगदी माफी मागितल्यासारखं म्हणाल्या, "फार सुंदर नाव आहे. पण जरा लांब आहे. परत एकदा सांगेल का?"